प्रोसेसरच्या पोटातलं चित्र

हे सगळं काकूंमुळे झालं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे लिहिता लिहिता मी कुठे स्वतःची शेखी मिरवली, तर वाचणाऱ्याने तेवढी वजा करून घ्यावी.

काकू म्हणजे मुलुंडला ज्यांच्या घरी मी राहते त्या. नात्याच्या कोणी नाहीत. एका विमा कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या, आता रिटायर आहेत. कॉम्प्युटरला त्या अजून ‘मशीन’ म्हणतात आणि कीबोर्डवर बोटं ठेवली की पाठ आपोआप ताठ होते त्यांची. व्हिडिओ कसा बनतो, कसा जातो, यातलं त्यांना काही कळत नाही. कळवून घ्यायची हौसही नाही. तरीपण मी आज ज्या खुर्चीवर बसून हे टाइप करतेय ती खुर्ची माझ्याकडे राहिली ती त्यांच्यामुळे.

माझं गाव चंद्रपूरच्या पुढे, जंगलाच्या कडेला. आठवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि त्याच वर्षी बाबांना लकवा मारला, तेव्हा कोणी ठरवलं असं नाही, पण मी शाळेत गेले नाही. पुढे मावशीच्या ओळखीने मुंबईला आले. भांडुपला एका फोटो स्टुडिओत काम लागलं. आधी अल्बमला पानं चिकटवायची, मग फोटोतल्या नवरीच्या कपाळावरचा घाम पुसायचा (कॉम्प्युटरवर), मग लग्नाच्या व्हिडिओला गाणी लावायची, असं करत करत मी एडिटिंगच्या खुर्चीवर आले. शिकवलं मालकांनीच. त्यांना मी दादा म्हणते. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, बोलणं फटकळ. रागावले की मालवणी, खूश असले की मालवणी, आणि गिऱ्हाईक समोर असलं की मुंबईचं मराठी.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. मला सॉफ्टवेअरमधलं इंग्रजी वाचता येत नव्हतं. अक्षरं लावता यायची, शब्द कळायचे नाहीत. मी सगळं जागेवरून ओळखायचे. डावीकडून तिसरं, त्याखाली चौथं, मग निळं बटण. त्यामुळे सॉफ्टवेअर अपडेट झालं की मी हरवून जायचे. बटणं इकडची तिकडे गेली म्हणजे माझं गावच हललं! एकदा अपडेटनंतर अर्धा दिवस मी ‘सेव्ह’ शोधत होते आणि दादांना सांगत होते की कॉम्प्युटर स्लो आहे.

आता डबलबारीचं सांगते, कारण प्रश्न तिथे आला.

आमच्या भांडुपात कोकणातली माणसं खूप. त्यांच्यात भजनाची डबलबारी असते. दोन बुवा, दोघांची आपापली मंडळी, समोरासमोर बसतात. एकाने बारी घ्यायची, म्हणजे आपली पाळी गायची, मग दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. हार्मोनियम, पखवाज, झांजा. देवाचं नाव तर असतंच, पण मधेमधे एकमेकांना असे टोमणे की ऐकणारा पोट धरून हसतो. शेवटाकडे गजर चढतो. हात दिसेनासे होतात इतक्या जोरात झांजा वाजतात. मी आले तेव्हा मला एक अक्षर कळायचं नाही. आता कळतं, पण हसायला मी अजून सगळ्यांपेक्षा थोडी मागे असते.

या डबलबाऱ्या आम्ही लाइव्ह दाखवायचो. तीन कॅमेऱ्यांच्या वायरी एका मिक्सरला, मिक्सर कॉम्प्युटरला, कॉम्प्युटर इंटरनेटला. आमच्याकडे लॅपटॉप नव्हता, तेव्हा स्टुडिओतला टेबलावरचा कॉम्प्युटरच उचलून न्यायचा. त्याचा डबा चादरीत गुंडाळून मी रिक्षात मांडीवर घ्यायचे. खड्डा आला की रिक्षावाल्याला ओरडायचे, “भैया, धीरे ना!” एकाने मागे वळून विचारलं, “सो रहा है क्या?”

तर अशाच एका डबलबारीत काय झालं, की गजर ऐन रंगात आला आणि चित्र थांबलं.

आवाज चालू, चित्र बंद. ज्यांनी आम्हाला बोलावलं होतं त्या आमच्या बुवांचं तोंड पूर्ण उघडं, एक डोळा मिटलेला, हात वर. असे ते गावागावातल्या मोबाइलवर थिजून राहिले. कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा ओरडत होता. सॉफ्टवेअरच्या तळाला लाल रंगात काहीतरी इंग्रजी येत होतं. मी ते जागेवरून ओळखायचे, ‘तळाचं लाल’, म्हणजे वाट लागली. त्यापलीकडे माहीत नव्हतं.

कोणीतरी त्या थिजलेल्या तोंडाचा फोटो काढला. दुसऱ्या दिवसापर्यंत तो सगळ्या ग्रुपवर. समोरच्या बुवांच्या मंडळींनी खाली लिहिलं, ‘बुवा जांभई देतत.’ कोणी त्या तोंडात मोदक ठेवला. कोणी डेंटिस्टचा बोर्ड लावला. बुवा स्टुडिओत आले, बसले नाहीत, उभ्या उभ्याच दादांना म्हणाले, “माझा भजन अडकला असता तर माका चलला असता. तोंड अडाकला!”

आणि याच बुवांची पुढची डबलबारी दहाएक दिवसांवर. समोर तेच बुवा.

दादा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “ह्या खेपेक अडाकला, तर लाइव्ह मी भायरच्याक देतलंय. तो आपली मशीन, आपलो माणूस घेऊन येतलो. एडिटिंग पण तोच बघतलो. तू पासपोर्ट फोटो बघ.”

पासपोर्ट फोटो म्हणजे काय हे मला माहीत होतं. आमच्याकडे पासपोर्ट फोटोवर कोणी टिकत नाही. मी खुर्चीवरून उठले की हळूहळू मुंबईवरूनच उठणार होते. आईला मी फोनवर सांगितलं होतं, मी कॉम्प्युटरवर बसते. गावात तिचं ते सगळ्यांना सांगून झालं होतं.

दादांची चूक नव्हती. त्यांनी तर मशीनसाठी जमेल ते केलं होतं. मध्ये कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणून त्यात बसवलं होतं. ‘आता काय बघायचंच नाही’ असं त्या माणसाने सांगितलं होतं. दसऱ्याला आमच्याकडे कॅमेऱ्यांची पूजा होते, त्यात त्या वर्षी डबा उघडून त्या कार्डालाही हळदकुंकू लागलं. झेंडूची एक पाकळी कितीतरी दिवस आत अडकून होती. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला लागली. कॉम्प्युटरच्या मागे आधीची जी मॉनिटरची जागा होती, तिथे कोणीतरी चुकून वायर घातली, स्क्रीनवर काहीच येईना, मशीन मेली म्हणून दादांनी ती उचलून बाजारात नेली. तिथे वायर नुसती कार्डाला लावून दिली आणि हसले त्यांना. तेव्हापासून दादांनी त्या जागेवर काळी टेप मारली होती. ‘ती जागा गेलेली आसा,’ असं स्टुडिओत सगळे म्हणायचे. मीपण म्हणायचे.

त्या आठवड्यात मी डबा खाताना मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. ‘लाइव्ह अटकता है’ असं बोलून शोधायचे, लिहून नाही. असंच एकाचं हिंदी ऐकता ऐकता माझा घास हातात राहिला. तो सांगत होता की कॅमेऱ्यातून येणारं चित्र फार मोठं असतं, ते इंटरनेटवरून जावं म्हणून त्याची सारखी बारीक घडी घालावी लागते. ही घडी घालायचं काम तुम्ही प्रोसेसरच्या डोक्याकडून करून घेताय, म्हणून तो धापा टाकतो. पण बऱ्याच प्रोसेसरच्या पोटातच चित्राचा एक वेगळा छोटा भाग असतो, आणि त्यात ही घडी घालायचं यंत्र बनवूनच दिलेलं असतं. ते वापरा. डोकं मोकळं राहील.

मला ते चटकन कळलं, ते डबलबारीमुळे. समजा बुवा गातोय, हार्मोनियम वाजवतोय आणि पखवाजही त्यालाच वाजवायला लावलाय. आणि पखवाजवाला तिथेच सतरंजीवर मांडी घालून बसलाय, त्याला कोणी सांगितलंच नाही वाजव म्हणून.

पुढे तो म्हणाला, बाहेरचं कार्ड लावलं की काही मशीन हा आतला भाग बंद करून ठेवतात. आणि स्वस्तातल्या काही जुन्या कार्डांना चित्र दाखवता येतं, पण घडी घालता येत नाही. मी डबा तसाच ठेवून उठले आणि आमच्या कार्डावरचा नंबर बघून त्याच्या यादीत शोधला. होता. आमच्या पूजा केलेल्या कार्डाला घडी घालता येत नव्हती.

म्हणजे बाहेरचा नुसता बसून, आणि आतला झोपवलेला!

हे मी रात्री जेवताना काकूंना सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार. काकूंनी आमटी वाढली आणि म्हणाल्या, “मग जागं कर की त्याला.”

“ते कॉम्प्युटर चालू होताना एक पान असतं काकू, तिथून करायचं असतं. सगळं इंग्रजीत आहे. आणि त्या पानाला हात लावायचा नाही असं दादांनी सांगितलंय. मागे एकाने लावला तर ऐन लग्नाच्या दिवसांत मशीन बंद पडली होती.”

“तू विचारलंस दादांना?”

“नाही.”

“मग या कामाला ते नाही म्हणाले असं का सांगतेस?”

मी भात कालवत बसले. मग कसं कोण जाणे, पण तोंडातून निघालं, “मला त्या पानावरचं वाचता येणार नाही.” आणि मग जागेवरून ओळखते तेही सांगितलं, तिसरं, चौथं, निळं बटण, सगळंच. मला वाटलं काकू आता ‘अरेरे’ म्हणतील. त्या म्हणाल्या, “म्हणजे तू इतके दिवस ते सगळं पाठ करून चालवतेस? बाप रे. मला साहेबाचा एक फोन नंबर पाठ राहायचा नाही.” आणि मग, “उद्या दुपारी येते मी. मला मशीन कळत नाही, तुला शब्द कळत नाहीत. दोघी मिळून एक माणूस होऊ.”

दुसऱ्या दिवशी काकू इस्त्रीची साडी नेसून आल्या, ऑफिसला जाताना नेसायच्या तशी. चष्मा गळ्यात. दादा जेवून खुर्चीत जरा लवंडले होते, ते दचकून उठले. मी बाजूला उभी. काकूंनी मला कोपराने ढोसलं आणि मी एका दमात सगळं सांगितलं, पखवाजवाल्यासकट.

दादा ऐकत होते. मग म्हणाले, “काकू, तुम्ही ह्यातलं काय जाणता?”

“काही नाही.”

“मग?”

“वाचता येतं मला. तुमच्या त्या पानावर जे लिहिलंय ते मी वाचीन, ही सांगेल त्याचं काय करायचं.”

“आणि चुकलं तर? रविवारी बुवा माका सोडतलो?”

“मशीन अडकली तरी तुम्ही हिला उठवणारच आहात ना खुर्चीवरून? मग काहीतरी करून, चुकून उठू दे की. नुसतं बसून कशाला उठायचं?”

दादांनी डब्यावरून हात फिरवला. “कार्ड काढूचा नाय,” ते शेवटी म्हणाले. “पूजा झालेली आसा.”

“राहू दे की तिथेच. देवाला उठवत नाही आम्ही.”

दादांनी हात जोडले, ते देवाला की काकूंना कळलं नाही, आणि म्हणाले, “कर गो बाय. काय होवचा ता होवंदे.”

मी मशीन बंद करून चालू केली आणि बटण दाबत राहिले. ते पान आलं. काळंनिळं, शब्दांनी गच्च भरलेलं. यात माझ्या ओळखीची एकही जागा नव्हती.

काकूंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. त्यांची सवय अशी, की एकही शब्द सोडायचा नाही. वर कोपऱ्यातली वेळ वाचली. पंख्याचा वेग वाचला. प्रोसेसर किती गरम आहे ते वाचलं. दादा मागून म्हणाले, “काकू, ता नको, मुद्द्याचा वाचा,” तर काकू म्हणाल्या, “मुद्द्याचं कुठलं ते मला काय माहीत? मी सगळं वाचते, ती थांबवेल.” आणि तसंच झालं. त्या वाचत गेल्या, मी बाणाच्या बटणाने खाली खाली जात गेले, आणि त्यांनी “इंटरनल ग्राफिक्स” म्हटलं तशी मी ओरडले, “थांबा!”

“पुढे काय लिहिलंय?”

“ऑटो.”

“ऑटो म्हणजे?”

“म्हणजे आपलं आपण. त्याचं तो ठरवतो.”

“आणखी काय काय आहे त्यात?”

काकूंनी वाचलं, “डिसेबल्ड. म्हणजे बंद. एनेबल्ड. म्हणजे चालू.”

मी मान हलवली. आता सगळं सरळ झालं होतं. त्याचं तो ठरवत होता, आणि कार्ड दिसलं की आतल्याला झोपवून टाकत होता. त्याच्या हिशेबाने बरोबरच होतं, बाहेरचा एवढा पाहुणा आलाय म्हटल्यावर घरातल्याला कोण विचारतो. मी बाण खाली नेला आणि ‘एनेबल्ड’वर बोट दाबलं. काकूंच्या मागोमाग अक्षरं लावून हा शब्द मी वाचला. माझ्या आयुष्यात इंग्रजीतला, जागेवरून नाही, वाचून दाबलेला पहिला शब्द.

मग ते विचारतं, सेव्ह करून बाहेर पडू का. काकूंनी वाचलं, मी “हो” केलं. आणि स्क्रीन काळी झाली.

काळीच राहिली. दादा म्हणाले, “गेला.” काकू म्हणाल्या, “जरा धीर धरा हो, ऑफिसात आमचा साहेबपण एवढा वेळ घ्यायचा.” मग पंखा फिरला, मग एक ठिपका, मग रोजचं पान आलं. जरा वेळाने स्क्रीन दोनदा लुकलुकली, कारण आत नवीन कोणी जागं झालंय हे मशीनला कळलं होतं आणि ती त्याच्यासाठी इंटरनेटवरून काहीतरी घेत होती.

मी लाइव्हचं सॉफ्टवेअर उघडलं. घडी कोणी घालायची हे निवडायची जागा मला पाठ होती. सहावं, मग उजवीकडे. तिथे इतके दिवस एकच ओळ होती. आता दोन होत्या.

“काकू,” मी म्हणाले, “खालची वाचा.”

काकूंनी वाचली. त्यात ‘हार्डवेअर’ हा शब्द होता.

मी ती निवडली. मागच्या डबलबारीचं आमच्याकडे रेकॉर्डिंग होतं, त्यातला तोच गजर लावला, आणि कोणाला दिसणार नाही असं खासगी लाइव्ह सुरू केलं. बाजूला प्रोसेसरचा आलेख उघडून ठेवला. मागच्या खेपेला तो छताला टेकला होता. आता तो तळाशी, भोपळ्याची वेल पसरते तसा जमिनीलगत चालला होता. झांजा वाजत होत्या, बुवांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. तळाचं लाल काही आलं नाही.

दादांनी वाकून डब्याला कान लावला. “बंद पडलो काय गो?”

“नाही दादा. चालू आहे.”

“मग आवाज खंय पंख्याचो?”

“त्याला काम नाही ना आता.”

दादा कान लावून तसेच बसले. एवढा जोरात गजर चालू असताना मशीन इतकी गप्प राहू शकते, हे त्यांना पटतच नव्हतं. मग ते उठले, मशीनच्या मागे गेले, नखाने ती काळी टेप खरवडून काढली, दुसरा जुना मॉनिटर ओढून आणला आणि त्याची वायर त्या ‘गेलेल्या’ जागेत घातली. मॉनिटर लागला. दोन्ही स्क्रीनवर बुवा.

“मेल्या,” दादा त्या भोकाला म्हणाले, “जित्तो होतस तर सांगूचा नाय?”

एक गोष्ट राहिली, ती खरं तर सांगायला हवी. आतला भाग घडी घालतो ती पटकन, पण जरा ढोबळ. नीट बघितलं तर माणसांचे चेहरे किंचित पिठूळ दिसत होते. मी म्हटलं, बुवा आता म्हणतील, माझ्या तोंडाक पीठ लावलास. मग काकूंकडून शब्द वाचून घेत घेत चित्राला इंटरनेटवर मिळणारी जागा थोडी वाढवली, डबलबारीच्या हॉलच्या इंटरनेटला झेपेल तेवढीच, आणि पीठ गेलं. ही आकड्यांची खटपट मी पुढचे दिवस करत राहिले. प्रत्येक वेळी काकूंना फोन. “काकू, बी-आय-टी-आर…” की त्या तिकडून, “बिटरेट.” एकदा त्या भाजीवाल्याकडे होत्या. तिथून ओरडल्या, “की-फ्रेम!” आणि भाजीवाल्याने विचारलं म्हणे, ही कुठली भाजी.

रविवारी संध्याकाळी मी चादरीतला डबा घेऊन हॉलवर गेले. वायरी लावल्या. बुवा मंडळींबरोबर आले, कपाळाला गंध, गळ्यात उपरणं. सरळ माझ्या टेबलाकडे आले.

“गो बाय, आज माझा तोंड उघडाच ठेवतलंस काय?”

“गाताना उघडं बुवा, गाऊन झालं की बंद. मी मधे येणार नाही.”

ते हसले नाहीत. “बघूया,” म्हणाले आणि गेले.

पहिली बारी गेली. दुसरी गेली. माझा एक डोळा स्टेजवर, एक स्क्रीनच्या तळाला, जिथे ते लाल येतं तिथे. समोरच्या बुवांनी त्या थिजलेल्या तोंडावर तयार करून आणलेलं एक कडवं टाकलं, ‘तोंड उघडा, देव दिसता काय’ असं काहीतरी, आणि त्यांची माणसं मागच्यासारखी मोबाइल काढून बसली, की आता पुन्हा अडकेल. मला ते दिसत होतं. ते माझीच वाट बघत होते.

गजर सुरू झाला. पखवाजवाल्याचे हात दिसेनासे झाले. झांजा. दिवे. मंडळी उभी राहिली. दादा माझ्या मागे उभे होते आणि त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता, मला सांगावंसं वाटत होतं, दादा जरा मागे सरा, पण बोलायला वेळ नव्हता. आलेख जमिनीलगत. पंखा गप्प. लाल काही नाही. गजर चढला, आणखी चढला, आणि बुवांनी शेवटची लांब तान घेतली तेव्हा त्यांचं तोंड पूर्ण उघडं, एक डोळा मिटलेला, हात वर. अगदी त्या फोटोसारखं. आणि मग ते तोंड मिटलं. स्क्रीनवर मिटलं! गावागावात मिटलं.

दादांचा फोन वाजला. गावाकडून त्यांचा भाऊ होता. फोन स्पीकरवर नव्हता तरी मला ऐकू आलं, इतका तो ओरडत होता, “अरे झांजेचो गोंडो पण दिसता! गोंडो!”

दादांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. जोरात लागली. मी हसत सुटले.

बुवांनी शेवटच्या बारीत माइक हातात घेतला आणि म्हणाले, “मागच्या खेपेक माझा तोंड कोणी कोणी बघलानी, ता माका म्हायत आसा. आज ता बंद झालेला पण बघलानी असतील. गावापर्यंत पोचवणारी बाय थंय कोपऱ्यात बसली हा, तिका माझो नमस्कार.” सगळा हॉल वळला. मी मॉनिटरच्या मागे लपले. पण कॅमेरा नंबर दोन माझ्याकडे वळला, दादांचा पुतण्या मिक्सरवर होता, त्याने तो लाइव्ह घेतला, आणि मी मॉनिटरच्या मागे लपलेली सगळ्या कोकणाला दिसले.

घरी येताना आईचा फोन आला. तिला मी लिंक पाठवली होती. “मायबाई, काईच समजलं नाई वो मले,” ती म्हणाली, “काय बोलून राहिले होते का गाऊन राहिले होते. पन एकदाबी अटकलं नाई पोरी. म्या बसून पाहिलं.”

दादांनी सोमवारी सकाळी मला काही विशेष सांगितलं नाही. पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी सवयीने उठले, तर म्हणाले, “बस थंयच. मी काढतंय.” आणि कॅमेरा घेताना, “त्या पानाक परत हात लावूचो असलो तर काकूंक बोलाव.” एवढंच. खुर्ची माझी झाली होती. त्यानंतर डबलबाऱ्या किती आल्या, कोकणातल्या नमनाचे खेळ आले, मुलुंडच्या एका लग्नात तर सकाळचा मुहूर्त मी संध्याकाळच्या रिसेप्शनला एडिट करून दाखवला, कारण जे रेंडर व्हायला, म्हणजे तयार होऊन बाहेर पडायला, आधी अख्खी दुपार जायची ते आता चहा होईपर्यंत होतं. भीती माझी गेलेली नाही. अपडेट आलं की अजून मी आधी ‘सेव्ह’ जागेवर आहे का ते बघते. पण आता बटण हललं तर मी त्याचं नाव वाचून त्याला शोधून काढते. काकू रोज जेवणानंतर मला दहा शब्द लिहायला लावतात, चुकलं तर “टायपिंग मिस्टेक” म्हणतात. चूक म्हणत नाहीत.

मागच्या महिन्यात माळा साफ करताना काकूंनी एक जुनी व्हिडिओ कॅसेट खाली दिली. त्यांच्या ऑफिसच्या नाट्यस्पर्धेची. “मी मोलकरणीचं काम केलं होतं,” त्या म्हणाल्या. “एकच वाक्य होतं. पण त्याला हशा पडला होता हं.” टाकून दे म्हणाल्या. कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी आली आहे. ती चालवायला लागणारं यंत्र आता सहज मिळत नाही, आणि बुरशी काढायला जो हात लागतो तो मला अजून आलेला नाही. मी विचारपूस करतेय, शिकतेय. ती मी टाकलेली नाही, माझ्या कपाटात कोरड्या जागी ठेवली आहे.

काकू, तुम्ही हे वाचाल, कारण तुम्ही एकही शब्द सोडत नाही. कधी होईल ते मला सांगता येत नाही, पण ते वाक्य मी त्या फितीतून बाहेर काढीन, हशासकट, आणि तुम्हाला तुमच्याच घरात बसवून दाखवीन. एवढं तुमचं देणं मी लागते.